भिकोबाने शिकवलेलं विमान

टेकपिंपरी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात भिकोबा नावाचा एक भोळा मिस्त्री होता. सांगितलेलं काम तो कधी विसरायचा नाही. फक्त भलत्या ठिकाणी करायचा.

गावाबाहेरच्या शेडमध्ये शशिकलाबाई मंगळावर उडवायचं विमान बनवत होत्या. त्याला चालक नव्हता. माइकमध्ये बोलून शिकवायचं, की ते आपलं आपण उडायचं. बाईंची अकरा वर्षं त्यात गेली होती आणि ते नेणारं रॉकेट एकदाच जाणार होतं.

भिकोबाने विमानाचा पंख आणला, तो ढेकळांतून फरफटत.

"अरे, मंगळावर जायचंय ते!" बाई कळवळल्या. "शेडमध्ये काहीही आणताना स्पिरिटने पुसायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, मग आणायचं!"

"चुकलं बाई. आता ध्यानात ठिवतो."

दुसऱ्या दिवशी विमान तपासायला आठल्येसाहेब आले. भिकोबाने त्यांना एसटी स्टँडवरच स्पिरिटने पुसलं, टकलावर जरा जास्तच. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून खांद्यावरून आणलं.

"अरे गाढवा, लांबून कोणी आलं की बसायला द्यावं, गरम चहा द्यावा!"

"चुकलं बाई. आता ध्यानात ठिवतो."

तिसऱ्या दिवशी थेट जर्मनीहून मोटर आली. भिकोबाने तिला खुर्ची दिली. चहा पाजला. मोटर काही बोलेना. लाजत असेल बिचारी, म्हणून त्याने आणखी एक कप ओतला.

आता मात्र बाईंचा तोल सुटला. "यापुढे दारात थांबायचं! चपला काढायच्या! 'येऊ का' विचारायचं! आतून कोणी 'ये' म्हटलं तरच पाऊल टाकायचं!"

एवढं ओरडून बाईंचा आवाजच बसला. मोटर पुसून-वाळवून कशीबशी बसवली, पण दुसऱ्या दिवशी रॉकेट सुटणार आणि विमानाचा शेवटचा धडा तेवढा राहिलेला. घशातून नुसती हवा. शेवटी त्या भिकोबाच्या कानात कुजबुजल्या, "परक्या जागी गेल्यावर कसं वागायचं, तेवढं सांग त्याला. नीट सांग."

भिकोबाला भरून आलं. इतका विश्वास त्याच्यावर आजवर कोणीच टाकला नव्हता. परक्या जागी कसं वागायचं, ते तर त्याला नुकतंच कळलं होतं. माइकला तोंड लावून त्याने शब्द न्‌ शब्द सांगितला.

आठ महिन्यांनी विमान मंगळाशी पोचलं. सगळं गाव शेडमध्ये जमलं. पडद्यावर अक्षरं उमटली, "दारात थांबलोय. चाकं काढून ठेवलीत. येऊ का?"

"ये! ये रे बाबा!" बाई माइकमध्ये ओरडल्या.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "तुम्ही नाही. आतून कोणीतरी म्हणा."

मंगळावर म्हणायला होतं कोण?  बाईंच्या डोळ्यांतलं पाणी भिकोबाला बघवेना. काहीतरी करायलाच हवं होतं. त्याने माइक ओढून घेतला.

"लेकरा, घरात कुनी नसंल. शेजारी इचारून बघ."

विमान मोठं गुणी. लगेच वळलं आणि गुरू ग्रहाकडे चालू लागलं.