पहिला गजरा कुणाला?

राजाच्या बागेत मोगरा हसायचा, जुई हसायची, इवलीशी अबोलीसुद्धा गालातल्या गालात हसायची. हसत नसे ती फक्त येसूची आई.

बागेच्या कडेला फुलघर होतं. तिथे बसून बायका राणीसाठी गजरे ओवत. येसूची आई त्यांतलीच एक. घरी अर्धीच भाकरी असली तरी आधी ती गाणं गुणगुणत परतायची. मग ठकूबाई मुकादमीण आली. कडक म्हणजे किती कडक! "गप्पा मारल्या की हात मंदावतात," असं म्हणून तिने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. तेव्हापासून आई मुकाट घरी यायची, मुकाट जेवायची आणि झोपायची. येसूला ते मुळीच आवडत नसे.

एकदा येसू आईची भाकरी घेऊन बागेतून चालली होती. मोगऱ्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचम करत होतं. अगंबाई, करंगळीएवढी परी! निळे निळे पंख, सोनेरी टिकली आणि रडून लालेलाल झालेलं नाकुडं. येसूने हलक्या हाताने एकेक धागा सोडवला. भाकरीतला तुकडाही तिला दिला.

"काहीतरी माग," परी म्हणाली. "पण एकच हं! ते फुलघरातल्या सगळ्यांना मिळेल. आणि नाही आवडलं, तर दिवेलागणीच्या आत परत करायचं."

"आईचं काम आपोआप होऊ दे. मग ती हसेल," येसू म्हणाली.

छुन्! फुलघरातल्या सुया एकट्याच नाचू लागल्या. गजऱ्यांचे पांढरेशुभ्र ढीग लागले. बायकांना घटकाभर गंमत वाटली. मग त्या नुसत्याच बसून राहिल्या.

"येसू, आता मी इथे कशाला गं?" आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

येसू पळतच परीकडे गेली. "परीताई, परत घे ते! माझं चुकलं."

"घेते, बाळा. पण आई हसायची, तेव्हा फुलघरात काय असायचं?"

"सगळ्या गोल बसायच्या, खूप बोलायच्या. आणि पहिला गजरा आपल्यातलीच जी उदास असेल, तिला माळायच्या."

"मग त्याला माझी जादू कशाला हवी?" परी म्हणाली आणि टुणकन येसूच्या खांद्यावर बसली.

फुलघरात सुया थांबल्या होत्या. येसूने एक छोटासा गजरा ओवला आणि ती थेट ठकूबाईपुढे जाऊन उभी राहिली. सगळ्या बायका माना वळवून बघू लागल्या.

"ठकूबाई, जरा वाका ना."

"मी? कशाला?"

"तुमच्याशी इथे कुणीच बोलत नाही, म्हणून."

ठकूबाई वाकली. येसूने तिच्या अंबाड्यात गजरा माळला. ठकूबाईने तो हळूच चाचपला. "मला आजवर कुणी गजरा माळलाच नव्हता गं," ती पुटपुटली. मग दारातला आपला पाट ओढत तिने मधोमध आणला. "फिरा गं इकडे! त्या भिंतीत काय ठेवलंय? आणि मलाही शिकवा ओवायला."

पहिलंच फूल तिने स्वतःच्या पदरासकट ओवलं. पदराला मोगरा लटकलेला पाहून येसूची आई खळखळून हसली. ठकूबाईसुद्धा हसली!

तेवढ्यात ठकूबाईच्या गजऱ्यातून दुधाळ, चंदेरी उजेड पसरला आणि त्यात परी हात हलवत विरून गेली. जाताना ती फुलांवर फुंकर घालून गेली. त्या फुलघरातले गजरे पुढे कधीच कोमेजले नाहीत.

येसूला मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्या संध्याकाळी आई गाणं गुणगुणत घरी आली होती.