पंचमाची पत्ती

फार वर्षांपूर्वी एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात मी ‘टुंई’ असा आवाज ऐकला. जुन्या विजेच्या पियानोतली, पंचमाचा सूर देणारी धातूची पत्ती कण्हत होती.

या पत्तीच्या टोकावर शिशाचा थेंब असतो. तो कानशीने घासला की सूर चढतो आणि गरम सळईने वाढवला की उतरतो. तिचा सूर जरासा उतरला होता, म्हणून कानसबाई घासायला बसल्या.

“पुरे हो बाई, लागला सूर,” पत्ती म्हणाली.

“थांब गं. जरा चकाकी येऊ दे.”

चकाकी आली, पण सूर चढून शेजारणीच्या घरात जाऊन बसला.

“आता मला भंगारात टाकतील,” पत्ती रडकुंडीला आली.

कानसबाई ओशाळल्या. थेंब द्यायला एक सळईच होती, आणि तिच्याशी त्यांनी वर्षभर अबोला धरला होता. ‘तू वाढवतेस म्हणून मला घासावं लागतं,’ असं त्याच तिला बोलल्या होत्या.

“सळईताई, एक थेंब देता का?” त्यांनी खाली मान घालून विचारलं.

टोमणा ऐकायला सगळी अवजारं पुढे सरकली. बडबड्या पकडीनेसुद्धा जबडा मिटला.

सळई तापली. तिने थेंब सोडला, सूर नीट लागल्याचं ऐकलं आणि काही न बोलता आपल्या जागेवर निघून गेली.