पेठेखालची जमीन

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. राज्य कोणते, ते सांगणारे आता कुणी उरले नाही. त्या राज्याच्या राजाने नदीकाठच्या एका गावात नवी पेठ बांधायचे ठरवले. चाळीस दुकाने आणि मधून दोन बैलगाड्या सहज जातील असा रस्ता. बांधकामाआधी जमीन तयार करायला त्याने डोंगराकडच्या सटवाजी मुकादमाला बोलावून घेतले.

सटवाजीचे नाव मोठे होते. त्याने सपाट केलेल्या जागेवर पाण्याने भरलेली परात ठेवली, की पाणी चारी काठांना सारखे टेकायचे. "माती मला कळते," असे तो म्हणायचा, आणि ऐकणारे मान डोलवायचे.

त्याने झुडपे काढली, उंचवटे खणले, खड्डे भरले. पाणी मारले आणि तीस माणसांकडून जड धुमसांनी सगळी जमीन ठोकून घेतली. मग परात मांडली. पाणी जरासुद्धा कलले नाही.

आठ दिवसांनी त्याने पुन्हा परात मांडली, तर पाणी एका बाजूने सांडले.

सटवाजी चक्रावला. त्याने परात उलटी करून पाहिली. परात ठीक होती. माणसांवर ओरडला, तर माणसे म्हणाली, "मुकादम, तुमच्यासमोरच तर ठोकली!" जिथे पाणी मारले होते तिथे जमीन वर आली होती. जिथे ऊन लागले होते तिथे हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. वर आलेली जमीन त्याने खरवडली, तर वाळल्यावर तीच खाली बसली. भेगा बुजवल्या, तर शेजारी नव्या पडल्या. घुशी पोखरत असतील म्हणून त्याने राखण बसवली, पण एक घूस दिसेल तर शपथ.

"मुकादम, आज पाणी मारायचं का?" माणसे विचारत.

"मारा," तो म्हणे. मग, "थांबा." मग, "थोडंसंच मारा."

आज उतार पूर्वेला, तर चार दिवसांनी पश्चिमेला. सटवाजीला घास गोड लागेना. पण कुणाला विचारायचे कसे? माती आपल्याला कळते, असे सगळ्या गावाला सांगून झाले होते.

अशात राजाचा निरोप आला, "जमीन तयार आहे का? कापडाचा व्यापारी घाई करतो आहे."

नेमके त्या दिवशी परातीतले पाणी स्थिर होते. सटवाजीने डोळे मिटले आणि सांगितले, "तयार आहे."

व्यापाऱ्याने लगेच दुकान उभे केले. महिन्याभरात दोन मोठे पाऊस झाले आणि उंबऱ्यापासून छपरापर्यंत भिंत तडकली. चौकट वाकली, दार अडकले. आत व्यापाऱ्याचे म्हातारे वडील होते. दार फोडून त्यांना बाहेर काढावे लागले.

राजा स्वतः आला. शिपायांनी दुकान बांधणाऱ्या गवंड्याला धरून आणले होते.

"ही भिंत कुणामुळे तडकली?" राजाने विचारले.

सटवाजी गप्प राहिला असता, तर त्याच्याकडे कुणी पाहिलेही नसते. पण धरून आणलेला तो गवंडी त्याला बघवेना. तो पुढे झाला.

"महाराज, गवंड्याचा दोष नाही. जमीन तयार नव्हती. मी कितीतरी दिवस तिच्याशी झगडतोय, पण ती अशी का वागते, ते मला कळत नाही."

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. तिचे नाव धुरपा. गाढवांवरून माती वाहून ती पोट भरायची.

"महाराज, मी सांगू?" ती म्हणाली. "ही काळी माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वरून कितीही ठोका. माझी झोपडी दोनदा कलली तिच्यापायी. कमरेइतकं खाली गेलं की मुरूम लागतो. तिथवर ही माती काढायची आणि मुरूम भरायचा."

"मग आधी का नाही बोललीस?"

"मुकादम म्हणत होते, माती मला कळते. ज्याला कळतं, त्याला काय सांगायचं?"

राजाने गवंड्याला सोडून दिले आणि सटवाजीचे मुकादमपण काढून घेतले. जमीन तयार होईतो धुरपाचा शब्द चालेल, असे त्याने ठरवले. "तू हवं तर गावी जा," तो सटवाजीला म्हणाला.

सटवाजी गेला नाही. त्याने घमेले उचलले. व्यापाऱ्याची भिंत उतरवली गेली, काळी माती खणून शेतांवर टाकली गेली. मग मुरुमाचा वीतभर थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, मग दुसरा थर. "आता पाणी मारू का?" सटवाजी विचारायचा, आणि धुरपा सांगेल तसे करायचा. पेठ वर्षभर उशिरा उघडली. पुढे कितीतरी पावसाळे गेले, पण चाळीसांतले एकही दार कधी अडकले नाही.

तात्पर्य इतकेच : आपल्याला कळत नाही हे जो वेळेवर सांगत नाही, त्याच्या चुकीखाली दुसरीच माणसे सापडतात.