सोनबा मिस्त्रींच्या दोन मोटारी

मोटार म्हणजे काय हे लोकांना नुकतं कळू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका संस्थानाच्या गावात सोनबा नावाचे मिस्त्री बग्ग्या बांधत. त्यांनी मोठ्या हौसेनं बॅटरीवर चालणारी मोटार तयार केली. ना धूर, ना आवाज. रोज सकाळी ते एकटेच तिच्यातून गावाला चक्कर मारत आणि समाधानानं घरी येत. दरबारातून दहा मोटारींची मागणी आली. शनिवारी दिवाणसाहेब गाडी पाहणार होते.

आदला दिवस श्रावणातला शुक्रवार. मिस्त्रींच्या पत्नी यमुनाबाईंचं व्रत होतं, पाच सवाष्णींना घेऊन टेकडीवरच्या देवीची ओटी भरायची. त्या म्हणाल्या, "अहो, देवीचं दर्शन झाल्याशिवाय गाडी दरबारात जायची नाही. आज आम्हाला न्या."

सहा बायका, ओटीचं सामान, पुरणपोळ्यांचा डबा. गाडी ऐटीत निघाली आणि निम्म्या चढावर थांबली ती थांबलीच.

"मिस्त्री, आता घोडा जोडा हो!" एक सवाष्ण म्हणाली. सगळ्या हसत पायी वर गेल्या. सोनबा मात्र चाकाशी बसून राहिले. इतके दिवस आपण रिकामी गाडीच पाहिली, भरलेली कधी पाहिलीच नाही, हे त्यांना उमगलं. शेवटी बैल लावून गाडी घरी आणली.

कामात हाताशी असलेला मेहुणा दिगंबर म्हणाला, "दाजी, दिवाणसाहेब राजवाड्यापुढच्या सपाट मैदानात पाहणार. चढाचं नाव काढू नका. अशी मागणी पुन्हा यायची नाही."

सोनबांनी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "देवीनं गाडी अडवली ती तुम्हाला दाखवायला. आता तुम्ही दिवाणसाहेबांना सांगायचं, एवढंच उरलं."

शनिवारी गाडी मैदानात सुरेख धावली. दिवाणसाहेब खूश झाले. तेव्हा सोनबा हात जोडून म्हणाले, "साहेब, ही गावात चालेल. माणसं भरली की घाट चढत नाही."

"आमचं निम्मं संस्थान घाटावर आहे, मिस्त्री!" दिवाणसाहेब चिडले. थोरल्या आईसाहेबांना गावातल्या देवळात जायला म्हणून एकच गाडी त्यांनी ठेवून घेतली.

दिगंबर महिनाभर दाजींशी बोलला नाही. सोनबा पेट्रोलच्या इंजिनामागे लागले. दोन श्रावण गेले. तिसऱ्या श्रावणात त्याच सहा जणी आणि तीच टेकडी. गाडी धडधडत, धूर सोडत थेट देवळाच्या पायऱ्यांशी जाऊन उभी राहिली.

"ओरडते फार बाई," यमुनाबाई नाकाला पदर लावत म्हणाल्या, "पण पोचते!"

घाट चढणारी गाडी तयार झाल्याचं सोनबांनी दरबारात कळवलं. दिवाणसाहेब गाडी पाहायला आलेच नाहीत. त्यांचा निरोप आला, "ज्यानं न विचारता आपल्या गाडीची उणीव सांगितली, त्याची गाडी काय तपासायची? राहिलेल्या नऊ पाठवा."

पुढं सोनबांच्या कारखान्यात दोन्ही तऱ्हेच्या मोटारी होऊ लागल्या. गिऱ्हाईक आलं की दिगंबरच आधी विचारी, "जायचं कुठं? बरोबर किती जण?" किंमत मग.

तात्पर्य: आपल्या कामातली उणीव आपण होऊन सांगावी आणि ती भरून काढायला लागावं. अशा हातांना देव यश दिल्यावाचून राहत नाही.