चौदावा कागद

एकदा एका तालुक्याच्या गावी एक परिचारिका होती. नाव कुमुदिनी, पण सगळे तिला सिस्टरच म्हणत. सर्पदंशावरचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं, तिथला फोन नंबर काय, रस्ता कोणता, ही माहिती तिने एका ब्लॉगवर लिहून ठेवली होती. दर सोमवारी स्वतः फोन करून ती खात्रीही करून घेई.

पण हौसेला मोल नसतं! ब्लॉगवर तिने घड्याळ लावलं, वरून गळणारी फुलं लावली, आपोआप वाजणारी बासरी लावली. तीन दिवाळ्यांपूर्वीच्या शुभेच्छा अजून लुकलुकत होत्या. कुणी म्हणावं, "हा कोड टाक, छान दिसतं," की हिने तो चिकटवलाच. काढायचं मात्र नाव नाही. तिला हसू नका, आपला माळा एकदा बघून या.

एके दिवशी दवाखान्यात एक माणूस आला.

"सिस्टर, बायकोच्या हाताला नाग चावला. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर एक भगत, मंत्राने विष उतरवणारा. तुमचं पान पार खाली. दाबलं, तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग नेलं भगताकडेच. तिथून उशिरा इथे आणलं. जीव वाचला, पण दोन बोटं गेली."

कुमुदिनीला रडूच कोसळलं. माहिती होती, खरी होती, आणि तरी पोचली नव्हती.

ती तडक आपल्या जुन्या सरांकडे गेली. सर तंत्रनिकेतनात संगणक शिकवून निवृत्त झालेले. तिला वाटलं, सर एखादी ओळ देतील, ती टाकली की पान वर! सरांनी ओळ दिली नाही. ब्लॉगचा सगळा कोड छापून गठ्ठा तिच्या हातात ठेवला आणि डोळे मिटून बसले.

"वाच. मोठ्याने."

"सर, हे कंस, हे आकडे... यात काय वाचायचं?"

"मला साप चावलाय असं समज. वाच!"

ती वाचू लागली. पहिल्या कागदावर घड्याळ. मग फुलं, बासरी, दिवाळी. तिचा घसा सुकला. चौदाव्या कागदावर शब्द आले, 'साप चावल्यास'. सरांनी डोळे उघडले.

"मी मेलो असतो ना एव्हाना? बाळ, शोधयंत्राला तुझी फुलं दिसत नाहीत, बासरी ऐकू येत नाही. ते शब्द शोधतं, आणि जड पानाला मागे बसवतं. माणूस तर तेवढाही थांबत नाही. भगताचं पान खोटं आहे, पण हलकं आहे. तुझं खरं चौदाव्या कागदावर दडलंय. खऱ्याने आपल्याच दारात पसारा मांडला, तर लोक खोट्याच्या दारी जाणारच."

त्या दुपारी ती तिथेच सरांच्या संगणकासमोर बसली. आधी सगळ्या कोडची एक प्रत बाजूला काढून ठेवली. मग एकेक तुकडा काढायचा, पान उघडून बघायचं, मग पुढचा. घड्याळ गेलं, बासरी गेली. शेवटी वाचकांचा आकडा दाखवणारी पट्टी उरली. एक लाख बारा हजार!

"सर, एवढी राहू दे ना."

"तिने कुणाचं विष उतरलं?"

तिने पट्टी पुसली.

पान आता चटकन उघडू लागलं, पण तीन आठवडे झाले तरी भगत वरच. ती हिरमुसली. सर म्हणाले, "पेरलेलं उकरून बघू नये." मग तिने दात आवळून ठरवलं, आता मागे फिरायचं नाही. सोमवारचे फोन चुकले नाहीत, आणि नवा कोड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तिने हात जोडले. दुसऱ्या महिन्यात तिचं पान भगताच्या वर आलं.

भुईमूग काढणीच्या दिवसांत एका बाईचा फोन आला.

"सिस्टर ना? मामंजींच्या हाताला साप चावला होता. शोधलं तर तुमचंच पान आधी आलं, लगेच उघडलं. इंजेक्शन वेळेत मिळालं. आज घरी आणलंय त्यांना, हाताला काही झालं नाही."

आजही कुणी तिला विचारतं, "किती लोक बघतात हो तुमचा ब्लॉग?"

"ठाऊक नाही," ती सांगते. "एका म्हाताऱ्याचा हात वाचला, एवढं ठाऊक आहे."