सशिणीचा तरवड

एका माळावरून मोठा हमरस्ता गेला होता, आणि त्या रस्त्याच्या कडेला, तरवडाच्या झुडपाखाली, एक सशीण राहत असे. तरवड म्हणजे काय, म्हणून विचारू नका! पिवळ्याधमक फुलांचं ते झुडूप तुम्ही गाडीच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलं असेल, फक्त नाव विचारलं नसेल. सशिणीची पिल्लं नुकतीच जन्मली होती. वर घार घिरट्या घालत होती. मधे आडोसा होता तो त्या झुडपाचाच.

त्याच सुमारास शहरातल्या बागेत राहून आलेला एक मोर माळावर मिरवू लागला. "शी! काय हा तुमचा रस्ता! नुसती रानटी झुडपं! शहरात बघा, रस्त्याकडेला कशी मऊ हिरवळ असते, लाल लाल फुलं असतात." झालं! माळावरच्या माकडांनी ते ऐकलं, आणि माकडांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की बघायलाच नको. त्यांनी रस्त्याकडेचे तरवड उपटले, बोराट्या तोडल्या, कुठल्याशा बागेतून रोपं आणून लावली आणि तळ्यातलं पाणी पोकळ भोपळ्यांतून आणून रोज त्यांना घालू लागली.

उपटता उपटता माकडं सशिणीपाशी आली. "ऊठ गं, सरक बाजूला!"

सशीण थरथर कापत होती, पण उठली नाही. "माझी पिल्लं आहेत याच्याखाली. हात लावून तर बघा!"

भित्री सशीण काय करणार, म्हणून एका माकडाने झुडूप ओढलं. तिने त्याच्या बोटाला असा कडकडून चावा घेतला की ते ओरडतच मागे पळालं. मोराने नाक मुरडलं. "राहू द्या रे. सगळ्यांना पाणी घाला, हिच्या झुडपाला थेंबसुद्धा नको. वाळेल आपोआप, मग जाईल कुठे?"

"मागितलंय कुणी तुझं पाणी?" सशीण म्हणाली.

वैशाख आला. तळं आटत होतंच, त्यात उरलंसुरलं पाणी रस्त्याकडेच्या त्या नव्या बागेने पिऊन टाकलं. रोज आयतं पाणी मिळाल्यामुळे रोपांची मुळं वरच्यावरच राहिली होती. पाणी थांबताच हिरवळ करपली, लाल फुलं गळून पडली. प्राण्यांच्या घशाला कोरड पडली आणि रस्त्यावरची धूळ सगळ्यांच्या डोळ्यांत जाऊ लागली. तरवड मात्र फुललेलाच होता, कारण त्याची मुळं खोल गेली होती. पिल्लं त्याच्या सावलीत चांगली टुणटुणीत झाली होती.

धापा टाकत मोर सावलीला आला. "झुडूप बरं आहे गं तुझं. जरा गोल छाटून घेऊ, म्हणजे शोभेल."

"खबरदार!" सशीण म्हणाली. "सावलीत बस हवं तर. पण याचं एक पान कापलंस, तर तुझा पिसारा जागेवर राहणार नाही!"

माकडं खो खो हसली. चावा बसलेल्या माकडाने भोपळा फेकून दिला, सशिणीला विचारून तरवडाच्या वाळक्या शेंगा तोडल्या आणि ते रस्त्याच्या कडेने बिया पेरत निघालं. मागून सशिणीची पिल्लं उड्या मारत होती.

"अरे, पण यांना रोज पाणी कोण घालणार?" मोर ओरडला.

"कुणीही नाही!" सशीण म्हणाली.

तात्पर्य एवढंच, मुलांनो : जे आपल्या मातीत स्वतःच्या बळावर जगतं, ते दिखाव्यासाठी उपटू नका, आणि कुणी उपटायला आलंच, तर कितीही लहान असलात तरी जागचे हलू नका.