कापडबाजाराचा दरवाजा

एका बंदराच्या गावी कापडबाजाराची फार जुनी इमारत होती. सरकारने ती वारसा यादीत घातली, आणि नंतर बसवलेलं काढून मूळचं तेवढं ठेवायचं ठरलं. सागवानी दरवाजा घाबरला. तो चाळीस वर्षं उशिरा आला होता.

"खांबदादा, तुम्ही तरी मूळचे ना?"

"छे, मला आगीनंतर उभं केलं."

"आणि मला वादळानंतर," वरून कमान म्हणाली.

दरवाजा गोंधळला. मग यादीत नाव कोणाचं?

तपासायला आलेल्या खोतबाई दिवसभर सगळं निरखत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मूळचंच ठेवलं, तर नुसता चौथरा उरेल. सगळं राहू द्या."

दरवाजा वाचला, पण आणखीच गोंधळला. "मग खरी इमारत कुठली, दादा?"

"गिऱ्हाईक आलंय," खांब म्हणाला. "आधी उघड."